दोराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस



हौसेखातर जीव धोक्यात घालणाऱ्या गिर्यारोहकाला वाचवण्याचे दायित्व समाजावर आहे काय, हा प्रश्न डोंगरातील प्रत्येक दुर्घटनेनंतर नव्याने विचारला जातो. ‘त्याला तिथे जायला सांगितले होते कोणी?’ हा सवाल वरकरणी व्यवहारी वाटतो. परंतु संकटग्रस्ताची पात्रता तपासून मगच त्याला हात द्यायचा, हे तत्त्व एकदा मान्य झाले की ते पर्वतावरच थांबत नाही. व्यसनाने आजारी पडलेला रुग्ण आणि नदीच्या पूररेषेत झोपडी बांधणारा बेघर, दोघांनाही उद्या हाच सवाल ऐकावा लागेल. जीव वाचवताना लायकीचा हिशेब मांडायचा नसतो, हेच याचे निःसंदिग्ध उत्तर आहे.

2006 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस एक ब्रिटिश गिर्यारोहक मरणोन्मुख अवस्थेत पडला होता. शिखराच्या वाटेवरील सुमारे 40 जण त्याच्याजवळून गेले. काहींनी मदतीचा प्रयत्न केला, तरी तो वाचला नाही. या उदासीनतेचा एडमंड हिलरी यांनी जाहीर धिक्कार केला. माणसाच्या जिवापेक्षा शिखर मोठे नव्हे, हा त्यांचा आग्रह सर्वथा रास्त होता.

तथापि, प्रश्नाचा खरा गाभा पुढेच आहे. वाचवायचे कोणी? 2023 च्या मे महिन्यात गेल्जे शेर्पा यांनी 8,000 मीटरहून अधिक उंचीवर गारठलेल्या एका मलेशियन गिर्यारोहकाला पाठीवर घेऊन खाली आणले. त्यासाठी त्यांनी आपल्या ग्राहकाची शिखरचढाई अर्ध्यावर सोडायला लावली. जगाने त्यांचे कौतुक केले, ते योग्यच. पण कौतुकाने पोट भरत नाही आणि मागे राहिलेल्यांचा संसारही चालत नाही.

येथे दोन प्रकारचे धोके आहेत. एक स्वेच्छेने पत्करलेला, दुसरा पोटासाठी पत्करावा लागलेला. 1922 च्या ब्रिटिश मोहिमेत हिमलोट कोसळून 7 हमाल मृत्युमुखी पडले. 18 एप्रिल 2014 रोजी खुंबू हिमप्रपातात 16 नेपाळी कामगार गाडले गेले. ते विक्रमासाठी गेले नव्हते, इतरांच्या चढाईची तयारी करण्याच्या कामावर होते. सरकारने त्यांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून प्रथम 40,000 नेपाळी रुपये देऊ केले. एव्हरेस्टच्या एकेका परवान्यासाठी त्या काळी हजारो डॉलर आकारले जात होते! शेर्पांनी चढाईस नकार दिला, त्या बाजूचा हंगाम बंद पडला, तेव्हा कोठे विम्याची रक्कम 10 लाखांवरून 15 लाखांवर गेली. हक्क दयेने नव्हे, संघटित नकाराने मिळतो, हा धडा त्या बर्फातही खरा ठरला.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. बचाव सर्वांचा व्हावा, गिऱ्हाइकाचा आणि हमालाचाही. त्याचा खर्च परवान्याच्या उत्पन्नातून व मोहिमा चालवणाऱ्या व्यावसायिकांकडून वसूल व्हावा. बचावास जाणाऱ्याला पुरेसे वेतन, भरभक्कम विमा आणि धोका असह्य वाटल्यास मागे फिरण्याचा अधिकार असावा. साहस करणाऱ्याचा जीव मोलाचा आहेच, परंतु दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला जीव स्वस्त आहे, असे मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.