संगणक-कक्षातील निवडीचा धडा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. तो अहवालात आहेच. मी आज एका लहानशा निर्णयाविषयी बोलणार आहे. कारण त्यात तुमचा पैसा होता आणि तुमची मुले आहेत.

आपल्या संगणक-कक्षातील वीस संगणक माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रांत दोन्ही नाही. देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी सल्ला दिला, "बाई, हे सगळे भंगारात काढा." यंत्रे मात्र धडधाकट होती. महोत्सव निधीतून वीस नवे संगणक घ्यावेत, तर ग्रंथालयाच्या गळक्या छताचे काम लांबणीवर पडणार होते.

अशा पेचात एका माजी विद्यार्थ्याने लिनक्सचे नाव सुचवले. मी मराठीची एम. ए.; मला ते नावच ऐकून ठाऊक. पण निर्णयावर सही माझी असणार होती, म्हणून मी शिकायला बसले.

१९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून जगासमोर खुला ठेवला. तो गाभा म्हणजे लिनक्स. नुसत्या गाभ्यावर रोजचे काम होत नाही. त्याला आवश्यक प्रणालींची जोड देऊन, वापरण्याजोगा करून जे देतात, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही त्यांतली काही नावे. शिवाय पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, हीही वेगळी निवडता येते : ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई. घराचा पाया एक आणि दिवाणखान्याची मांडणी ज्याच्या-त्याच्या सोयीची, असे मी मनाशी समजून घेतले.

इथे माझी पहिली चूक झाली. मी दिसण्यावर भाळले. ग्नोमची ती नेटकी, मोकळी मांडणी मला फार आवडली आणि मी ती सरसकट बसवायला सांगितली. दुसऱ्याच दिवशी आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका दारात उभ्या. "बाई, खालची पट्टी कुठे गेली? आणि हा बंद कुठून करायचा?" शिवाय चार जीबी मेमरीच्या त्या यंत्रांवर ती मांडणी अडखळत होती. दोष ग्नोमचा नव्हता. आपली माणसे आणि आपली यंत्रे न पाहता मी निवड केली होती.

मग आम्ही कागदावर पाच प्रश्न लिहिले. जुन्या यंत्रावर हे हलके चालेल का? सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतील? सवयीच्या मांडणीशी जवळीक आहे का? मराठी नीट लिहिता येईल का? आणि अडले तर मदत कोण करील? लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आतल्या माहितीला तोवर धक्का लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांनी आणि शिक्षकांनी आठवडाभर तीन पर्याय वापरून पाहिले. केडीई मुलांना फार भावले, पण त्यातले असंख्य पर्याय बदलण्यातच तास संपू लागला. अखेर कक्षासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ठरली. ती हलकी आहे. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, म्हणजे हात सरावलेला तसाच राहतो. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. कार्यालयातील दोन बऱ्या यंत्रांवर सिनॅमन बसवले. सर्व माहितीची प्रत आधी बाहेर काढून ठेवली, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातल्या, आणि वीसही संगणक पुन्हा उभे राहिले. खर्च नव्या खरेदीच्या मानाने अगदी थोडा झाला. ग्रंथालयाचे छत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त झाले, हे तुम्ही येताना पाहिलेच असेल.

सारेच सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधील आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे. एक स्कॅनर रुसला तो रुसलाच. हिशेबाची प्रणाली विंडोजवरच चालते, म्हणून कार्यालयासाठी विंडोज ११ असलेला एक नवा संगणक घ्यावा लागला.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो पालकसभेत एका आईने विचारला. "बाई, आधीच आमची मुले मराठी माध्यमात, तीही बडोद्यात. त्यात संगणकही जगावेगळा. उद्या बाहेर पडल्यावर अडणार नाहीत ना?"

हा प्रश्न त्या रात्री माझ्यासोबत घरी आला. त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ताई, लिनक्स जगावेगळे नाही. जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि आघाडीचे सर्व महासंगणक त्यावर चालतात; तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त संगणकप्रणालीचा मार्ग केव्हाच धरला आहे. लिबरऑफिसमध्ये तक्ता करायला शिकलेले मूल दुसऱ्या प्रणालीत बटणे शोधील, पण तक्ता म्हणजे काय हे त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाही. आपल्या मुलांना तर एक जास्तीचा लाभ झाला. ती इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहितात. त्यात भारतीय लिप्यांसाठी कळांची रचना एकच आहे. मराठी 'क' जिथे, तिथेच गुजराती 'ક'; गुजरातीचा प्रत्येक समान वर्णही तसाच. म्हणून आपली मुले शेजारच्या भाषेतही सहज लिहू लागली. मातृभाषेचा पाया दुसऱ्या भाषेच्या आड येत नाही, हे मी तीस वर्षे सांगत आले. या वेळी ते मुलांच्या बोटांनी दाखवून दिले.

आणि हे या शहराला नवीन नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० पासून गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये उभारायला आरंभ केला. ज्ञान कुलपात ठेवायचे नाही, हा त्यामागचा विचार. जी प्रणाली कुणीही उघडून पाहावी, शिकावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी, ती मला त्याच विचाराची वाटते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या घरी जुना संगणक पडून असेल, तर तो टाकण्यापूर्वी वरचे पाच प्रश्न विचारून पाहा. आणि महिन्यातून एक शनिवार आमच्या कक्षात या. देणगीइतकीच आम्हाला जाणत्या हातांची गरज आहे. ज्या बाकावर तुम्ही बसलात, तिथे आज बसणारी मुले तुमची वाट पाहत आहेत.