रविवार कुणी दिला?



सकाळी हमरापुरात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने पाहिले. इथे माणूस रात्रभर बसला, तर सकाळी फळीवर रंगवलेल्या मूर्ती दिसतात, मोजता येतात. माझ्या पहिल्या नोकरीत माझी रात्र कुठेच दिसत नव्हती. ती दिसू नये, अशी सोय मीच करून ठेवली होती. आज तेच सांगायचं आहे.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या संगणक विभागात लागलो. घरातला पहिला इंजिनिअर, अम्मीने मोहल्ल्यात पेढे वाटले. मला हजेरीचा प्रोग्राम लिहायला दिला. सकाळी पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस आपोआप कापायचा. संध्याकाळी बाहेर पडल्याची वेळ मात्र महिन्याच्या अहवालात दाखवायची नाही, असं साहेबांनी सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. दोन ओळी बदलल्या आणि शाबासकी घेतली.

मग रोजचे रात्रीचे दहा वाजू लागले. रविवारी साइटवरून फोन. सातला निघालं तर टोमणा, "आज हाफ डे का?" अब्बांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी सलग सहा रविवार काम केलं होतं. बदली रजा मागितली. उत्तर आलं, "रेकॉर्डवर कुठे आहे?"

घरी येऊन म्हणालो, माझं नाव बघून नाकारलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर विचारलं, तर कोल्हापूरच्या सहकाऱ्याला बहिणीच्या लग्नाच्या वेळी हेच उत्तर मिळालं होतं. नावावरून भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. झाला तर तसा लेखी सांगावा. पण आधी शेजाऱ्याला विचारावं. विचारलं नसतं, तर मी एकटाच कुढत बसलो असतो.

आम्ही सात जणांनी तारखा जुळवल्या, रविवारचे मेल काढले आणि एकच पत्र दिलं. चार दिवसांची रजा मिळाली. बाहेर पडण्याची वेळ अहवालात परत आली. ती दुरुस्तीही मीच केली. त्या वर्षी माझी पगारवाढ मात्र अडली, हेही सांगायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं विधान गाजलं: आठवड्याला ९० तास काम, आणि रविवारीही. लोकांनी त्यावर विनोद केले. मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर मुंबईत सलोख्यासाठी झटले तेही हेच लोखंडे. आपला रविवार कुणा साहेबाच्या मेहेरबानीने आलेला नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. सुट्टीच्या दिवशी काम केलं, तर दोन महिन्यांत बदली सुट्टी आहे. मात्र व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो लागू होत नाही. म्हणून बढतीच्या पत्रावर 'मॅनेजर' हा शब्द दिसला की पेढे वाटण्याआधी पत्र नीट वाचा.

एक साधी वही ठेवा. आलो किती वाजता, निघालो किती वाजता, कुणी बोलावलं, रोज लिहा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाला हजेरीचा प्रोग्राम लिहायला सांगितला आणि दोन ओळी बदलायला सांगितल्या, तर निदान विचारा, "का?" मी ते विचारलं नव्हतं.