काडेपेटीतला भुंगेरा



जूनचा पाऊस झाला, की शिरूर तालुक्याच्या केंदूर-पाबळ पट्ट्यात दिव्याखाली किंवा बांधावरच्या बाभळीवर लांब मिशांचे भुंगेरे दिसू लागतात. काहींच्या मिशा तर अंगापेक्षाही लांब. चिमटीत धरला की तो चर्र चर्र आवाज करतो. तोंडाने नव्हे, मानेचा काठ पाठीवर घासून. पोरं तो काडेपेटीत घालतात, आणि वाळल्यावर कुणीतरी विचारतं, ‘याचं नाव काय?’

नाव सांगणं सोपं नाही. आधी तोंड बघायचं. कपाळ सरळ खाली उतरलेलं असेल आणि तोंडाजवळच्या आखूड मिशीचं शेवटचं पेर टोकदार असेल, तर तो लॅमिनी या उपकुळातला. तोंड पुढे तिरकं आणि पेर बोथट असेल, तर बहुधा सेरॅम्बिसिनी. इथेच एक जुनी अडचण येते. भारतातल्या या भुंगेऱ्यांवरचा चार्ल्स गॅहन यांचा मोठा ग्रंथ 1906 साली निघाला. त्यात सेरॅम्बिसिनी आहेत, लॅमिनी नाहीत. पुढचा खंड निघालाच नाही. आपल्या बाभळीवरचा भुंगेरा लॅमिनीतला, त्यामुळे तो त्या ग्रंथात शोधणं फुकट.

तो बाभळीवरचा म्हणजे सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. मळकट पिवळा, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, पंखांच्या बुडाशी खरखरीत दाणे. मादी सालीला चीर पाडून अंडं घालते, अळी खोडातून मुळाकडे उतरते आणि भुस्सा बाहेर टाकते. महाराष्ट्रात हाच द्राक्षवेलीवरही येतो. त्याच वेलीवर दुसरा येतो स्ट्रोमॅशियम बार्बेटम. हा तपकिरी, मानेला काटा नाही. याची अंडी सुटलेल्या सालीखाली, आणि अळी भुस्सा आतच ठासून भरते. वेल वरून धडधाकट दिसते आणि आतून पीठ झालेलं असतं. एकाला भुश्शाच्या छिद्रावरून गाठता येतं. दुसऱ्यासाठी सुटी साल वेळेवर काढावी लागते. नाव चुकलं, की उपाय चुकला आणि मजुरी वाया गेली.

पण काडेपेटीतल्या नमुन्याच्या मिशा तुटलेल्या असतात, अंगावरची लव झडलेली असते, आणि नर-मादीत मिशांची लांबी वेगळी असते. एकाच वाळक्या नमुन्यावर छातीठोकपणे जात सांगणाऱ्याचं मला नेहमी नवल वाटतं. कधी कधी पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय दोन जवळच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. तेवढी सोय नसेल, तर ‘प्रजाती अमुक, जात अनिश्चित’ असं लिहून थांबावं. शास्त्रात त्याला कमीपणा मानत नाहीत.

नमुन्याइतकीच मोलाची असते सोबतची चिठ्ठी. गाव, तारीख, आणि भुंगेरा कोणत्या झाडावर सापडला ते. ‘दिव्याखाली’ सापडला असेल तर तसंच लिहा, अंदाजानं झाड लिहू नका. पोखरलेली फांदी मिळाली तर आणखी चांगलं. ती बारीक जाळीच्या डब्यात ठेवली, तर बाहेर पडणारा भुंगेरा आपलं झाड स्वतःच सांगतो.

तेव्हा यंदा भुंगेरा मिळाला, तर एकावर थांबू नका. दोन-चार गोळा करा, मिशा जपा, कापसात ठेवा, चिठ्ठी घाला. द्राक्षबागेतला असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा. इतर झाडांवरचा असेल तर पुण्याचं कृषी महाविद्यालय किंवा आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं कार्यालय आहे.