हप्ता सातबाऱ्यामागं जातो

(गगनबावडा इथल्या वनहक्क बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर चार महिन्यांनी वाडीत एकच विषय निघतो. कुणाच्या खात्यावर दोन हजार पडले, कुणाच्या नाही. पीएम किसान योजनेत केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देतं, २,००० चे तीन हप्ते करून. २०२३ पासून राज्यानं नमो शेतकरी योजनेतनं आणखी ६,००० जोडले.

हे पैसे पीक बघून मिळत नाहीत. नाचणी केली की वरी, पावसानं किती झोडपलं, गव्यानं किती खाल्लं, हे कोण विचारत नाही. विचारतात एकच, जमीन कुणाच्या नावावर? खाली कुंभीच्या काठाला ऊस असला आणि सातबारा नावावर असला की हप्ता येतो. वर डोंगराला तीन पिढ्यांनी कसलेल्या तुकड्यावर वन विभागाचं नाव असलं, की कसणारा शेतकरीच धरत नाहीत. दुसऱ्याचं रान वाट्यानं करणाऱ्यालाही काही नाही. गरज ज्याला जास्त, तोच यादीबाहेर.

पण हे ध्यानात ठेवा. वनहक्काचा पट्टा असलेला शेतकरी या योजनेत बसतो, हे सरकारनंच सांगितलंय. म्हणजे आपल्या हप्त्याची वाट वनहक्क दाव्यातनं जाते.

आता तारखेचा अडसर. योजनेच्या नियमात १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्यानंतर जमीन नावावर झाली, तर वारसा सोडून लाभ नाही. उद्या कुणी म्हणंल, तुमचा पट्टा उशिरा झाला. त्याला उत्तर २००६ च्या कायद्याच्या नावातच आहे: 'वन हक्कांची मान्यता'. मान्यता म्हणजे नवीन देणं नव्हं, होतं ते कबूल करणं. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा आहे, म्हणून तर पट्टा मिळतो. कागदाला उशीर झाला तो कचेरीत. त्याचा भुर्दंड कसणाऱ्यानं का भरायचा? ही मागणी ग्रामसभेच्या ठरावानं, लेखी करायची.

धनगरवाड्यांतल्या मंडळींना सांगतात, ७५ वर्षं हाच तुकडा कसल्याचा पुरावा आणा. तसं नाही. ७५ वर्षांची, तीन पिढ्यांची अट आहे ती जंगलात राहण्याची आणि त्यावर जगण्याची. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचा. पुरावे दोन तरी लागतात. मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती चालते. जुनी विहीर, बांध, देवाचं ठाणं चालतं. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. उपग्रहाचा फोटो जोडीला चालंल, पण त्यावरनं बाकीचे पुरावे बाद करता येत नाहीत.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. वरच्या समितीकडं जायला ६० दिवस असतात. तोंडी 'नाही' ऐकून घरला येऊ नका.

पट्टा झाला की त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात, कायदाच तसा आहे. ते तपासून घ्या. मग आधार बँकेला जोडणं, ई-केवायसी, जमिनीची नोंद, ही तीन कामं करा. यातलं एक जरी राहिलं तरी हप्ता अडतो.

मंडळी, हप्ता आज आहे, उद्या सरकार बंदही करंल. पट्टा मात्र लेकराबाळांकडं वारसानं जातो. म्हणून पुढच्या ग्रामसभेला येताना हप्त्याची तक्रार आणाच, पण दाव्याचा कागद आधी आणा. आणि वाडीतल्या सगळ्यात थोर म्हातारीला हाताला धरून घेऊन या. तिचा जबाब आधी लिहून घ्यायचा आहे.