भारूड : आधी हसू, मग अर्थ



मी चौथी शिकलेला शेतकरी. भात लावायचं आणि कीर्तन करायचं, एवढंच येतं. शताब्दीला बोला म्हणालात, तर भारुडावर चार शब्द सांगतो.

पैठणचे नाथमहाराज भागवतावर टीका लिहिणारे मोठे पंडित. पण लोकांना शहाणं करायला त्यांनी जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगं घेतली. रोडग्याचं भारूड घ्या. बाई भवानीला साकडं घालते, सासू-सासरा नको, जाऊ-नणंद नको, नवरासुद्धा नको! आणि एवढ्या कामाबद्दल देवीला काय, तर एक रोडगा! बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतात. हसता हसता कळतं, आपले नवस तरी काय वेगळे? सासरची माणसं म्हणजे आपलेच विकार, हा अर्थ मग सांगावा. हसलेल्या माणसाचे कान उघडे असतात, शिव्या खाल्लेला उठून जातो.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा. बाबा दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायचे. प्रश्न बाबांचा, उत्तर लोकांच्याच तोंडून. कर्ज काढून लग्न, दारू, देवापुढं बोकड, शिवाशीव, काही सोडलं नाही. पण आधी स्वतःच्या डोक्यावर फुटकं गाडगं घेतलं, हे विसरू नका.

आता आपल्या कर्जत-खालापूरचं बघा. जमीन फार्महाऊसवाल्याला विकायची आणि पैसा हळदीच्या एका रात्रीत डीजे-दारूत उडवायचा. एका सप्ताहात आम्ही यावर भारूड केलं. नवरदेवाचा बाप मीच झालो. हातात सातबारा घेऊन म्हणालो, "हे खाचर डीजेवाल्याला, हे दारूवाल्याला, बांध तेवढा पोराला!" लोक पोट धरून हसले. सकाळी एक गृहस्थ आले, "बुवा, मलाच बोललात." म्हटलं, "दादा, नाव कुणाचं घेतलं? बाप तर मी झालो होतो." रागानंच गेले. पण त्यांच्या धाकट्याच्या हळदीला डीजे नव्हता.

तरुणांनो, हाच नेम ठेवा. सोंग आपण घ्यायचं. अवगुणाला हसायचं, माणसाला नाही. कुणाच्या गरिबीला, जातीला, व्यंगाला हसलात तर ते भारूड नव्हे, टवाळी झाली. नुसतं हसवून सोडलंत तर तो तमाशा.

बोरघाट चढून आळंदीला जाताना मुक्कामावर रोज एक भारूड झालं पाहिजे, एवढं मागणं दिंडीपाशी ठेवतो.

रामकृष्ण हरी!