आजीचे माहेर कुठले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून मुलूख आहे. तिथल्या एखाद्या खेड्यातले घराणे धुंडाळायचे, तर आधी गावच्या चर्चच्या वह्या उघडाव्या लागतात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम १५३८ साली निघाला. सगळ्या वह्या काही आज शिल्लक नाहीत; उरलेल्यांपैकी पुष्कळशा रेडरूथ गावच्या दप्तरखान्यात आहेत.

पुरुषांची वंशावळ त्यातून बरीचशी लागते. घोडे अडते ते बाईपाशी! ‘विल्यम व मेरी यांचा मुलगा जॉन’, संपली नोंद. ही मेरी कुणाची लेक? ते लग्नाच्या वहीत सापडायचे. पण लग्न बहुधा मुलीच्या गावी लागे, म्हणून आसपासच्या गावांच्या वह्याही चाळायच्या. १७५४ पासून वधूवरांनी वहीत सही करावी असे ठरले. जिला लिहिता येत नसे ती फुली काढी. कित्येकींच्या हातची तेवढीच खूण आज उरली आहे. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली, तिच्यात मात्र आईच्या माहेरच्या आडनावाला रकाना मिळाला.

ग्वेनॅपच्या बाजूला तांब्याच्या खाणी होत्या. तिथे बायका आणि पोरी खाणीच्या तोंडाशी बसून हातोड्याने दगड फोडीत; त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. १८५१ च्या खानेसुमारीत अशा बाईचा धंदा आणि जन्मगाव दोन्ही सापडू शकते. १८४१ च्या वयांवर मात्र विसंबू नये. मोठ्या माणसांचे वय तेव्हा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत. तिशीची म्हणून लिहिलेली बाई चौतीसचीही असेल. (वय कमी लिहिल्याबद्दल तिने तक्रार केली नसावी!)

पण सर्वांत जास्त माहिती मिळते ती एका दुःखाच्या कागदात. गरिबाला त्याच्या हक्काच्या गावानेच पोसावे, असा १६६२ पासूनचा कायदा. आणि लग्न झाले की बाईचे गाव म्हणजे नवऱ्याचे गाव. नवरा वारला आणि तिने मदत मागितली, की तिला मुलांसकट त्याच्या गावी धाडता येई, मग ते गाव तिने कधी पाहिलेले नसले तरी! दोन न्यायाधीशांच्या सहीच्या त्या हुकुमात तिचे नाव असे आणि बहुधा एकेका मुलाचे नाव व वयही. सुखाने नांदलेल्या तिच्या जावेबद्दल इतके कुणी लिहून ठेवले नाही.