धान्याचं पोतं आणि मत

आज मी जरा लांबच्या देशाची गोष्ट सांगणार आहे. देश लांबचा, पण गोष्ट आपल्या चुलीजवळची आहे.

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. आपली जशी भाकरी, तसा तिथे साडझा. मक्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं आणि भाजीबरोबर खायचं. घरात मका नसला तर जेवणच नाही. तिथल्या बायकाही आपल्यासारखी भिशी लावतात.

या देशावर रॉबर्ट मुगाबे यांनी १९८० पासून २०१७ पर्यंत राज्य केलं. ते स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते होते. निवडणुका व्हायच्या, मतपेट्या यायच्या. तरी खुर्ची तीच आणि माणूसही तोच. हे कसं जमायचं?

पहिली गोष्ट म्हणजे धान्याची किल्ली. २००१ मध्ये मक्याची खरेदी-विक्री फक्त सरकारी धान्य मंडळाकडे गेली. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. शेतजमिनी ताब्यात घेण्याच्या गोंधळात पीकही घटलं होतं. लोक रांगेत उभे राहिले. मानवी हक्क संघटनांनी त्या काळात गावोगाव फिरून नोंदी केल्या. अनेक ठिकाणी सत्ताधारी पक्षाचं कार्ड दाखवल्याशिवाय मका मिळत नव्हता. विरोधी पक्षाचं म्हणून ओळखलं जाणारं घर यादीतून गळायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रचार. रेडिओ आणि टीव्ही सरकारच्या हातात. सरकारवर टीका करणारं एक मोठं दैनिक २००३ मध्ये बंद पाडलं. मग रोज एकच ऐकायला यायचं, उपाशी आहात ते परक्यांमुळे, आणि विरोधक त्या परक्यांचे हस्तक. यात थोडं खरंही होतं. गोऱ्यांच्या राजवटीत चांगल्या जमिनी खरोखरच बळकावल्या होत्या, दुष्काळही खराच होता. बायांनो, निव्वळ खोटं फार दिवस खपत नाही. दुधात पाणी मिसळतात, तसं खऱ्यात खोटं मिसळलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे भीती. २००५ च्या निवडणुकीत आरपार अंधूक दिसतील अशा मतपेट्या आल्या. मग गावात कुजबुज पसरली, तुमचं मत कळणार, आणि मग धान्य बंद. पोटात भूक असलेल्या आईला एवढं पुरतं.

आता २००८ सालचं ऐका. तेव्हा नियम झाला होता, की प्रत्येक केंद्राचा निकाल दाराबाहेर चिकटवायचा. लोकांनी ते आकडे टिपले, मोबाईलवर फोटो काढले आणि बेरीज केली. मुगाबे मागे पडले होते. अधिकृत निकाल महिनाभर अडवून ठेवला, तरी हार लपली नाही. दुसरी फेरी २७ जूनला ठरली. त्याआधी, ४ जूनला, सरकारने मदतसंस्थांचं गावातलं काम थांबवलं. कारण दिलं, की या संस्था विरोधकांचा प्रचार करतात. मारहाण, जाळपोळ, खून झाले. विरोधी उमेदवाराने माघार घेतली आणि मुगाबे ८५ टक्क्यांहून जास्त मतांनी ‘जिंकले’. शेजारी देशांचे निरीक्षकसुद्धा म्हणाले, हा लोकांचा कौल नाही.

यातून आपण काय घ्यायचं? भुकेल्याला देणं हे पुण्यच. पण जो आधी कोठाराला कुलूप लावतो आणि मग मूठभर देऊन उपकार सांगतो, त्याला दाता म्हणायचं का?

आपल्याकडे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव असतं. हे धान्य कुठल्या पक्षाचं नाही, कुठल्या पुढाऱ्याच्या घरचंही नाही. आज एकाचं सरकार असेल, उद्या दुसऱ्याचं, हक्क तोच राहतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. एक, लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला सांगा. कुणाचं नाव गळलं असेल तर ती कुणाची समर्थक आहे हे न पाहता सगळ्यांनी मिळून विचारा. दुसरं, मोबाईलवर आलेली बातमी पुढे पाठवण्याआधी आणखी एका ठिकाणी पडताळा, आणि ती आपल्याला कुणाचा राग करायला सांगते ते पाहा. तिसरं, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना समजावून सांगा. मशीनजवळची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तिच्यावर आपलं नाव नसतं. मत कुणाला दिलं ते कुणालाही कळत नाही.

झिम्बाब्वेत निकाल उघडा पडला तो दारावरच्या कागदामुळे आणि तो टिपून घेणाऱ्या साध्या माणसांमुळे. हिशेब टिपायचं काम तर आपण गटात दर महिन्याला करतोच. तीच सवय धान्याच्या यादीलाही लावू या.